मदत हवी आहे: अळंबी बुडासकट काढायची की चाकूने कापायची?

नमस्कार मंडळी. रानातली अळंबी ओळखायला शिकतोय, खायचं धाडस अजून केलेलं नाही. घोळ असा की एक जण सांगतो, देठ वरून कापा, जमिनीतलं कवकजाळ (ज्यातून अळंबी उगवते ते धाग्यांचं जाळं) दुखावू नका. दुसरा म्हणतो, बुडासकट अलगद उकरा, कारण अमानिटा फॅलॉइडिससारख्या जीवघेण्या जातीची खूण, म्हणजे देठाच्या तळाशी असलेली पिशवी, कापल्यावर मातीतच राहते. मला दुसरं पटतं. ते विष शिजवूनही जात नाही आणि उलट्या-जुलाब सुरू होतात ते बहुधा ६ तास उलटून गेल्यावर.

स्वित्झर्लंडमध्ये १९७५ पासून जवळजवळ तीन दशकं चाललेल्या प्रयोगात कापल्याने किंवा उपटल्याने पुढचं पीक घटलं नाही. तुडवल्याने मात्र छत्र्या कमी उगवल्या. मग खरी काळजी पायांचीच करायची का?

ओळखीसाठी एका जागेवरून किती नमुने घ्यावेत? खड्डा माती-पाल्याने बुजवला की पुरे?

आणि हो, काल एका अळंबीची टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली. बीजाणूंचा (टोपीखालून झडणाऱ्या बारीक कणांचा) ठसा पांढरा, कागदही पांढरा! तिरका धरून बघावा लागला. तुम्ही अर्धा काळा कागद वापरता की काच?