प्रति: सांभाळायचं संस्थेनं, धंदा सहकारानं?

निराधार आणि दिव्यांगांना सांभाळणं सेवाभावी संस्थांचं काम, सहकारी संस्थेनं धंदा बघावा, हे मत मला अजिबात पटत नाही. इटलीत १९९१ च्या ३८१ क्रमांकाच्या कायद्यानं दोन्ही कामं सहकारातच आणली. एका प्रकारच्या संस्था सेवा-शुश्रूषा करतात. दुसऱ्या प्रकारात निदान ३० टक्के कामगार वंचित गटातले लागतात.

आमच्या औसा तालुक्यात एका डाळ मिलवर पोलिओ झालेली एक ताई तूर निवडायला बसते. बारीकसा खडाही तिच्या बोटांतून सुटत नाही. पण सासू अंथरुणाला खिळलेली, तिच्याजवळ थांबायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून ऐन हंगामात खाडे पडतात आणि मजुरी बुडते. अशा बाईला नुसतं काम देऊन कसं भागेल? म्हातारीकडे बघणारं माणूसही काम देणाऱ्या सहकारी संस्थेनंच पगारावर ठेवायला हवं.