रिकामी दिसते म्हणून सायकल लेन उखडायची?

दोनचाकी
'गर्दीच्या रस्त्यांवरच्या सायकल लेन काढून टाका' हा सरळरेषा यांचा लेख वाचला आणि राहवलं नाही. प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लेन दिवसभर ओस पडलेली असते, शेजारी गाड्यांच्या रांगा लागतात, रुग्णवाहिका अडकतात, मूठभर हौशी लोकांपायी हजारोंची खोटी होते.

लेखासोबतचा फोटो आधी बघू. गाड्या तुंबल्यात, लेन मोकळी. अहो, सिग्नलला चाळीस गाड्या थांबल्या की अख्खा रस्ता भरून जातो. तेच चाळीस जण सायकलवर असले तर हिरवा लागताच सुटतात आणि फोटो काढेपर्यंत लेन मोकळी होते. जी वाट माणसं भराभर पुढे काढते ती मोकळीच दिसणार. नॅक्टो या अमेरिकी शहरांच्या वाहतूक संघटनेचे आकडे आहेत: फक्त खाजगी गाड्यांच्या एका लेनमधून तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात, तेवढ्याच रुंदीच्या, दोन्ही दिशांनी चालणाऱ्या सायकल मार्गातून साडेसात हजारांपर्यंत जाऊ शकतात.

आणि काढून कोंडी सुटते का? कॅनडात ऑन्टारिओ सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदाच केला, टोरांटोच्या ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरच्या लेन उखडायच्या. कारण हेच, कोंडी. सायकलवाले कोर्टात गेले. जुलै २०२५ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की लेन काढल्याने कोंडी कमी होईल याला पुरावा नाही, उलट माणसांच्या जिवाला धोका वाढेल आणि हे राज्यघटनेतल्या हक्काविरुद्ध आहे. सरकार अपिलात गेलं. ही त्यांची मर्जी, पण पुरावा काही अपिलातून उगवत नाही.

सरळरेषा
माझ्या लेखाचा विपर्यास करू नका. सायकलवर बंदी घाला असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मुख्य रस्त्यावरून काढा, आतल्या रस्त्यांवर न्या, एवढंच म्हटलंय.

तुमचे साडेसात हजार ही क्षमता झाली. प्रत्यक्षात किती जातात ते बोला. क्षमतेवर बोलायचं तर रिकामी बससुद्धा भरलेलीच म्हणावी लागेल.

आता रुग्णवाहिकेचं. वडिलांना घेऊन जाताना मी आत बसलो होतो. पूर्वी त्या रस्त्यावर दोन लेन होत्या, सायरन ऐकला की गाड्या कडेला सरकायच्या. आता डाव्या हाताला सिमेंटचा कठडा आहे. पुढचा गाडीवाला आरशात बघतोय, हाताने खूण करतोय की कुठे जाऊ, आणि त्याला खरोखरच जायला जागा नव्हती. आत ऑक्सिजनचा मास्क धरून बसलेल्या माणसाला तुमची आकडेवारी ऐकवा.

दोनचाकी
वडिलांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण दोष कठड्याचा आहे. कडा उतरती ठेवली आणि लेन पुरेशी रुंद केली तर रुग्णवाहिका थेट लेनमधून जाते, सायकलवाले पायउतार होऊन वाट देतात. गाड्यांच्या तीन लेन तुंबल्यावर कोण कुठे सरकतं? खराब बांधलेली गोष्ट दुरुस्त करायची की उखडायची, हा माझा प्रश्न आहे.

गल्लेवाला
तुमच्या वादात दुकानदाराला कोणी विचारणार आहे का? माझ्या दारासमोर लेन झाली आणि टेम्पो थांबायची जागा गेली. माल उतरवायला गाडी मागच्या गल्लीत लावायची, तिथून हमाल डोक्यावर गोणी घेऊन येणार आणि लेन ओलांडताना सायकलवाला घंटी वाजवत शिव्या देणार. गाडी लावायला जागा नाही म्हणून जुनी गिऱ्हाइकं तुटली. काढा ती लेन. माझा पूर्ण पाठिंबा.

पायडल
गल्लेवाला, तुमच्या दारासमोरचं पार्किंग म्हणजे काय असतं ते मला विचारा. उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं. हँडलचं टोक दारात अडकलं आणि मी रस्त्याच्या मधोमध फेकलो गेलो. मागून येणाऱ्या बसवाल्याने ब्रेक मारला म्हणून आज हे लिहितोय. खांद्यात धातूची पट्टी आहे, हात अजून पूर्ण वर जात नाही. लेन झाल्यापासून मी पुन्हा सायकल काढली. ती उखडली तर मी कार घेईन आणि तुमच्या कोंडीत आणखी एक भर पडेल. चालेल?

थांब्यावरची
दोन्ही बाजूंना एक विचारायचंय. माझ्या आईची दृष्टी गेली आहे. नव्या लेनमुळे बसथांबा लेनच्या पलीकडे गेलाय, म्हणजे फुटपाथवरून उतरायचं, सायकली येतायत का बघायचं आणि मग थांब्यावर जायचं. आई बघणार कशी? ती ऐकते. काठी कडेला टेकवून उभी राहते, मान वळवून कान देते. साध्या सायकलची साखळी तरी ऐकू येते. या इलेक्ट्रिक सायकली आवाजच करत नाहीत. दोनदा तिच्या काठीला धक्का लागला आणि एकानेही थांबून विचारलं नाही. ब्रिटनमध्ये अशा थांब्यांना अंध व्यक्तींच्या संघटनांनी उघड विरोध केलाय. इथे सायकलप्रेमींपैकी एकानेही हा विषय काढला नाही.

सरळरेषा
हेच तर मी म्हणतोय! थांब्यावरची यांच्या प्रतिसादाला शंभर टक्के अनुमोदन. डिलिव्हरीवाल्यांनी या लेनचा शर्यतीचा रस्ता करून टाकलाय. म्हणूनच काढा.

रात्रपाळी
डिलिव्हरीवाला मीच. बोला आता. ॲपवर वेळ धावत असते, उशीर झाला की रेटिंग खाली, रेटिंग खाली गेलं की ऑर्डर बंद. सिग्नलला थांबलो तर माझं नुकसान, तोडला तर तुमच्या शिव्या. तुम्हाला जेवण गरम हवं आणि आणणारा माणूस रस्त्यावर दिसायला नको. लेन नव्हती तेव्हा ट्रकच्या चाकाशेजारून चालवायचो. माझ्याबरोबरचा एक मुलगा तसाच गेला. लेन काढली म्हणून ऑर्डर थांबणार आहेत का?

थांब्यावरची
तुमच्या सोबत्याचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या मालकाची घाई माझ्या आईने का सोसायची? ट्रकने तुम्हाला दाबायचं आणि तुम्ही तिला?

रात्रपाळी
मी कोणाला दाबत नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. थांब्याजवळ मी पाय खाली टेकतो. जे टेकत नाहीत त्यांना जरूर पकडा.

पायडल
पकडणार कोण? आधी त्या इलेक्ट्रिक गाड्यांचा वेग बघा. युरोपात मोटारची मदत ताशी २५ किमीला बंद होते, नाहीतर तिला सायकल मानत नाहीत. खरी सायकल आणि वेगमर्यादेचं कुलूप काढलेली मोटार एकाच लेनमध्ये सोडली तर भांडण होणारच. या गाड्या लेनमधून हाकला.

रात्रपाळी
हाकला म्हणजे कुठे? पुन्हा ट्रकशेजारी? पट्टी खांद्यात असली की सायकल पवित्र आणि पाठीवर पेटी असली की हाकला, असं का?

पायडल
माझ्या दुखापतीवर घसरू नका. मी वेगाबद्दल बोललो, तुमच्याबद्दल नाही. वेग २५ च्या आत असेल तर या, माझी हरकत नाही.

थांब्यावरची
आणि सरळरेषा, माझ्या आईच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका. लेन काढली की हीच मंडळी फुटपाथवर चढतात, ते आम्ही आधी भोगलंय. फुटपाथवर तर तिला कान देऊन उभं राहायलाही जागा नव्हती. मला लेन काढून नकोय. थांब्यापाशी लेन फुटपाथच्या उंचीला आणा, पायाला कळतील अशा खडबडीत फरशा लावा, झेब्रा आखा, आणि तिथे सायकलवाल्याने थांबायचंच.

जुनी_वाट
युरोपची उदाहरणं पुरे झाली. त्यांच्या रक्तातच सायकल आहे. ते इतरांना लावून काय उपयोग?

दोनचाकी
रक्तात? नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं होती. 'मुलांचे खून थांबवा' म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. त्याआधी तिथेही रस्ते रुंद करून गाड्यांना देणं चालूच होतं. सेव्हिल तर स्पेनमधलं गरम हवेचं शहर, २००६ पर्यंत तिथे सायकल औषधालाही नव्हती. चार-पाच वर्षांत सलग जाळं बांधलं आणि सायकली अनेक पटींनी वाढल्या. सलग हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अर्ध्यात तुटणारी लेन कोणी वापरत नाही, आणि मग तिचाच फोटो काढून लेख लिहिला जातो. लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरची लेन २०२० मध्ये जेमतेम सात आठवड्यांत काढली. सात आठवड्यांत कोणाची सवय बदलते?

थांब्यावरची, तुमच्या मागण्या मला मान्य आहेत. सायकलवाल्याचा वेळ जाईल, जाऊ दे.

सरळरेषा
ठीक आहे. सात आठवडे कमी आहेत, हे मान्य करावं लागेल. वर्षभर ठेवा. पण मोजा. सकाळ-संध्याकाळ, पावसातसुद्धा, गाड्यांचा वेळ आणि सायकलींची संख्या दोन्ही, आणि आकडे जाहीर करा. वर्षानंतर लेन ओस दिसली तर मी पुन्हा हेच लिहीन. आणि तो कठडा आधी काढा. त्यावर तडजोड नाही.

दोनचाकी
मोजायला माझी ना नाही. फक्त गाड्या मोजू नका, आतली माणसं मोजा. कठडा काढून उतरती कडा करा, पण नुसता रंगाचा पट्टा मारून सोडलात तर दुसऱ्या दिवशी तिथे पार्किंग होईल.

गल्लेवाला
माझ्या मालाचं कोणीच बोललं नाही. सकाळी तासभर तरी टेम्पो लेनमध्ये उभा करू द्या.

थांब्यावरची
सकाळी नको. शाळेची मुलं त्याच वेळी तिथून जातात. दुपारी मागा.

गल्लेवाला
दुपारी माल येत नाही, बाई. पहाटे सहाच्या आत चालेल का ते सांगा.