कॅसिनोशेजारी गाळा घ्यावा का?

प्रेषक: मृणाल
विषय: कॅसिनोशेजारी गाळा घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

माझे डबे तुमच्यातल्या बऱ्याच घरी जातात, तेव्हा ओळख करून देत नाही. आता सामायिक किचनमधून बाहेर पडून स्वतःचं छोटंसं दुकान टाकायचं मनात आहे. मिसळ, वडापाव, थालीपीठ आणि दुपारचा डबा.

इथे शिकागोतच, शिकागो ॲव्हेन्यू आणि हॉल्स्टेडच्या चौकापासून सात-आठ मिनिटं चालत एक गाळा बघितलाय. जवळच ट्रिब्यून वर्तमानपत्राचा जुना छापखाना पाडून बॅलीज या कंपनीचा कॅसिनो बांधतायत. १७० कोटी डॉलरचं काम आहे म्हणे, ५०० खोल्यांचं हॉटेल आणि थिएटर धरून. ब्रोकरचं म्हणणं, "हे एकदा उघडलं की तुम्हाला मान वर करायला फुरसत मिळणार नाही." भाडं मात्र तो आत्ताच उघडल्यासारखं सांगतोय. करार पाच वर्षांचा, वर आमची पर्सनल गॅरंटी, म्हणजे दुकान बुडालं तरी भाडं आमच्या खिशातून.

ह्यांचं मत, घ्यावा. माझा जीव होत नाहीये. कॅसिनो आलेल्या गावात तुमच्यापैकी कुणी राहिलंय का? जुगार चांगला की वाईट ते मला विचारायचं नाही. आजूबाजूच्या दुकानांचं काय झालं तेवढं सांगा.

मृणाल

प्रेषक: प्रकाश
विषय: रि: कॅसिनोशेजारी गाळा घ्यावा का?

मृणाल,

मी १९९४ ते २०११ डेट्रॉइटला होतो आणि ऑफिस ऐन डाउनटाउनमध्ये. त्यामुळे हा सिनेमा मी पहिल्या रांगेत बसून बघितलाय. जरा लांबलचक होईल, चहा घेऊन बस.

मी गेलो त्याच वर्षी नदीपलीकडे विंडसरला, म्हणजे कॅनडात, कॅसिनो उघडला. आमच्या ऑफिसातली माणसं संध्याकाळी बोगद्यातून गाडी काढून तिकडे जायची. आपला पैसा पलीकडे चाललाय अशी ओरड झाली, १९९६ साली मिशिगनमध्ये मतदान झालं आणि शहराला तीन कॅसिनोंची परवानगी मिळाली. १९९९ साली एमजीएम आणि मोटरसिटी उघडले, नोव्हेंबर २००० मध्ये ग्रीकटाउन. मोटरसिटी तर पावाच्या जुन्या बेकरीत थाटला होता.

तुझ्या कामाचा आहे तो ग्रीकटाउन. मन्रो स्ट्रीट म्हणजे हॉटेलांची गल्ली, खरं तर एवढीशी. चीजवर ब्रँडी ओतून पेटवायचे आणि "ओपा!" असं ओरडत टेबलावर आणायचे. आम्ही शाकाहारी माणसं तेवढ्या एका पदार्थासाठी पाहुण्यांना घेऊन जायचो. त्याच गल्लीतल्या ट्रॅपर्स ॲली नावाच्या मॉलमध्ये कॅसिनो बसवला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, आता गल्लीचं सोनं होणार. गर्दी वाढली, ते खरं. पण गाडी लावायला जागा मिळेना, आणि आमच्यासारखं ऑफिस सुटल्यावर चौघंजण मिळून जाणारं गिऱ्हाईक होतं ते हळूहळू उपनगरातच जेवायला लागलं. जुनी ग्रीक हॉटेलं पुढच्या काही वर्षांत एकेक करून मिटत गेली. सगळं खापर कॅसिनोवर फोडणार नाही. मालक म्हातारे झाले होते आणि मुलांना गल्ल्यावर बसायचं नव्हतं. पण कॅसिनो शेजारी आला म्हणून ती तरली, असंही मला दिसलं नाही. २००८ साली तर खुद्द ग्रीकटाउन कॅसिनोच दिवाळखोरीत गेला.

शहराला मात्र फायदा झाला, तो नाकारता येणार नाही. कॅसिनोच्या करातून वर्षाला पंधरा-अठरा कोटी डॉलर यायचे. मोटारी खपोत न खपोत, ते येत राहिले. इतके बिनधोक की २००९ साली शहराने तेच उत्पन्न बँकांकडे तारण ठेवलं आणि २०१३ च्या दिवाळखोरीत त्यावरून कोर्टात भांडणं झाली. म्हणून महापौराचा हिशोब दुकानदाराने आपला समजू नये. शिकागोलाही हा कॅसिनो हवाय तो पोलीस आणि अग्निशामक दलाच्या पेन्शनसाठी. तुझ्या मिसळीचा विचार त्यात कुणी केलेला नाही.

डाउनटाउनमध्ये जीव आलेला मी पाहिला तो २०१० नंतर, क्विकन लोन्स या गृहकर्जाच्या कंपनीने आपली माणसं उपनगरातून तिथे आणली तेव्हा. ऑफिसच्या माणसाला बारा वाजता भूक लागते आणि तो रस्त्यावर येतो. जुगाऱ्याला भूक कधी लागते ते मला ठाऊक नाही. आपल्या मेलच्या यादीवर कुणाला ठाऊक असेल तर त्याने लाजू नये.

प्रकाशकाका

प्रेषक: नीलेश
विषय: रि: रि: कॅसिनोशेजारी गाळा घ्यावा का?

काका, बाण बरोबर लागला. महिन्यातून दोनदा मी डेस प्लेन्सच्या रिव्हर्स कॅसिनोला जातो. बायकोला माहीत आहे, म्हणून इथे उघड लिहितोय.

मृणालताई, आतलं सांगतो. प्रत्येकाकडे एक कार्ड असतं. गोल गोल दोरीला अडकवलेलं, दोरीचं दुसरं टोक शर्टाला, आणि कार्ड मशीनच्या खाचेत. लांबून बघितलं तर माणसाला सलाईन लावलंय असं वाटतं. खेळाल तसे पॉइंट जमतात आणि पॉइंटांवर जेवण मिळतं. हरलेल्या माणसाला ते जेवण फुकट वाटतं. आता मला सांग, आत "फुकट" स्टेक असताना बाहेर थंडीत कोट चढवून सात मिनिटं चालत वडापाव खायला कोण येणार? वडापाव कितीही चांगला असला तरी?

रिव्हर्स २०११ साली उघडला, तेव्हापासून जातोय. इतक्या वर्षांत डेस प्लेन्स गावात मी पेट्रोल सोडून काही विकत घेतलेलं नाही.

नीलेश

प्रेषक: यादी-व्यवस्थापक
विषय: रि: रि: रि: कॅसिनोशेजारी गाळा घ्यावा का?

मंडळी, दोन जणांनी मला वेगळी मेल करून विचारलं की मंडळाच्या यादीवर जुगाराची चर्चा कशाला. चर्चा गाळ्याची आहे, चालू द्या. आणि महाराष्ट्राचं म्हणाल तर आपल्या सरकारने १९७६ साली कॅसिनोचा कायदा करून ठेवला होता. तो कधी लागू केला नाही आणि २०२३ साली रद्द केला. त्या मानाने आपण सात मेलमध्ये आटपू.

उत्तर देताना खालच्या सगळ्या जुन्या मेल कृपया काढून टाका.

प्रेषक: वैशाली
विषय: पणजी (रि: कॅसिनोशेजारी गाळा)

माझं माहेर पणजीचं, म्हणून राहवलं नाही.

आमच्याकडचे मोठे कॅसिनो जमिनीवर नाहीत, मांडवीत बोटींवर आहेत. पणजीच्या धक्क्यावरून छोट्या होडीने माणसं तिकडे नेतात. तिकिटातच जेवण आणि दारू धरलेली असते. म्हणजे नीलेशने सांगितलं तेच, फक्त मध्ये पाणी. १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना खेळायला बंदी आहे, त्यामुळे जाणारे सगळे बाहेरचे. ते हॉटेलात उतरतात, टॅक्सीने धक्क्यावर येतात आणि पहाटे टॅक्सीने परत जातात. हॉटेलवाले आणि टॅक्सीवाले खूश असतात.

माझ्या मावसबहिणीचं १८ जून रस्त्यावर काजू आणि सुक्या मेव्याचं दुकान आहे. तिचा हिशोब ऐक. रात्री खेळलेला माणूस सकाळी अकरापर्यंत झोपतो. उठला की विमानतळ. जिंकलेला असेल तर जाता जाता दोन किलो काजू घेतो, आणि भावाची घासाघीस करत नाही. हरलेला दुकानात शिरतच नाही. ती म्हणते, जिंकलेले फार कमी असतात गं. उलट म्हापशाहून, फोंड्याहून खरेदीला येणाऱ्या बायका आता "पणजीत गाडी खंय लावची?" म्हणून यायला कंटाळतात. दुकान चालतंय, पण ते लग्नसराई आणि चतुर्थीवर.

वैशाली

प्रेषक: सुहास (आता नेपरव्हिल, पूर्वी स्प्रिंगफील्ड)
विषय: रि: पणजी (रि: कॅसिनोशेजारी गाळा)

सगळे एकाच सुरात बोलतायत म्हणून दुसरी बाजू सांगते. आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला होतो. १ जून २०११ ला तिथे टॉर्नेडो आला आणि मेन स्ट्रीटच्या दक्षिणेचा भाग उद्ध्वस्त करून गेला. नंतर कित्येक वर्षं तिथे मोकळे प्लॉट आणि फळ्या ठोकलेल्या खिडक्या. संध्याकाळी सहानंतर एकटीने चालायची हिंमत नव्हती. त्याच जागेवर ऑगस्ट २०१८ मध्ये एमजीएमने ९६ कोटी डॉलरचा कॅसिनो उघडला. रस्त्यावर दिवे आले, माणसं आली. मला तरी ते बरं वाटलं. उजाड रस्त्यापेक्षा कॅसिनो परवडला.

त्यांनी एक गोष्ट विचार करून केली होती. हॉटेलांची दारं आतल्या बाजूला न ठेवता रस्त्याकडे ठेवली, जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंती राखल्या. हेतू हा की माणूस बाहेर पडावा आणि शेजारीही जावा. पण सोबत मोठं पार्किंगही बांधलं, तेही फुकट. त्यामुळे माणूस हायवेवरून उतरायचा, पार्किंगमध्ये शिरायचा, तिथून आत आणि रात्री त्याच वाटेने घरी. आणि गर्दीही ठरवल्याइतकी झाली नाही. पहिल्या वर्षी ४० कोटींहून जास्त मिळकतीचा अंदाज होता, हाती आले सुमारे २७ कोटी. कनेटिकटमधले फॉक्सवूड्स आणि मोहेगन सन तासा-दीड तासावर, जुने आणि मोठे. शिवाय वर्षभरात बॉस्टनच्या दारात एव्हरेटला आणखी एक उघडला. म्हणून, मृणाल, ब्रोकर जो आकडा सांगेल तो आधी एक तृतीयांश कापायचा आणि मग चहा प्यायचा.

मेन स्ट्रीटवर खरोखर रांगा लागलेल्या मी बघितल्या त्या समोरच्या मासम्युच्युअल सेंटरमध्ये हॉकीचा सामना किंवा कॉन्सर्ट असेल त्या रात्री. कार्यक्रम साताला सुरू होतो, लोक साडेपाचला येतात आणि मधल्या वेळात त्यांना खायचं असतं. मशीनला सुरू व्हायची वेळच नसते. तेव्हा ब्रोकरला कॅसिनोचं विचारू नकोस. थिएटरचं विचार. कधी, किती खुर्च्या आणि आठवड्यातून किती रात्री.

सुहासमावशी

प्रेषक: मृणाल
विषय: काय ठरवलं ते

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस गप्प होते, कारण तुमच्या मेल वाचून आम्ही दोघं शुक्रवारी रात्री वाबॅश ॲव्हेन्यूवर जाऊन उभे राहिलो. बॅलीजने सप्टेंबर २०२३ पासून तिथे मदिना टेंपलच्या जुन्या घुमटांच्या इमारतीत तात्पुरता कॅसिनो चालवलाय. म्हटलं, नमुना समोर असताना ब्रोकरचं का ऐका?

नऊ ते साडेअकरा. ह्यांनी वहीत रेघा मारायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात सोडून दिली, कारण बाहेर येणारे बहुतेक सिगरेट ओढायला येत होते. इलिनॉयमध्ये आत ओढता येत नाही ना. हाडं गोठवणारा वारा, आणि ही माणसं नुसत्या शर्टावर. अर्धी सिगरेट ओढायची, विझवायची, पळत आत. एकाने तर आमच्याकडे बघून सांगितलं, मशीन अडवून ठेवायला भावाला बसवलंय. बिनकोटाचा माणूस आपलं गिऱ्हाईक नाही, एवढं मला तिथेच कळलं. खरंच निघालेली माणसं टॅक्सीत बसत होती.

पण अकराच्या सुमारास बाजूने वेगळीच माणसं यायला लागली. काळी पँट, जाकिटाखाली युनिफॉर्म, सगळी पंचविशी-तिशीची. ड्युटी सुटलेली. त्यांनी कोट घातले होते! एका मुलीला मी विचारलं, जेवता कुठे? म्हणाली, आत कामगारांना कँटीन आहे, पण सुटल्यावर पुन्हा आत जाऊन कोण बसणार, घराजवळ काही उघडं असेल तर बघू. मी तिखट चालतं का विचारलं, तर हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधकामाच्या फाटकाशी गेलो. साडेनऊच्या सुट्टीत हेल्मेटवाल्यांचा घोळका एका बाईभोवती. तिच्याजवळ एक आइसबॉक्स, आत गरम तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचा मेक्सिकन पदार्थ. पंधरा मिनिटांत आइसबॉक्स रिकामा आणि बाई बसस्टॉपवर. तिला ना भाडं, ना पाच वर्षांचा करार, ना पर्सनल गॅरंटी. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे छापखान्याच्या जागेकडे बघत होते.

तर ठरलं असं. खेळणाऱ्यांच्या भरवशावर गाळा घ्यायचा नाही. घ्यायचाच झाला तर दुपारी आसपासच्या ऑफिसांचे डबे आणि रात्री दहा ते दोन सुटलेल्या कामगारांसाठी, या दोन गिऱ्हाइकांवर भाडं निघतंय का एवढंच बघायचं. आजच्या भाड्याने निघत नाही. दोन वेळा मांडून बघितलं. म्हणून ब्रोकरला कळवलंय: करार दोन वर्षांचा, भाडं आजच्या रस्त्याचं, आणि कॅसिनो उघडला की वाढीव भाड्याचं बोलू. ठरलेल्या तारखेला नाही उघडला तर आम्हाला गॅरंटीशिवाय बाहेर पडता आलं पाहिजे. ब्रोकरने "मालकाशी बोलतो" म्हणून फोन ठेवला तो अजून उचललेला नाही.

तोवर डबे चालूच आहेत. शनिवारच्या पुरणपोळ्यांची ऑर्डर गुरुवारपर्यंत द्या. चाळीसच करणार आहे.

मृणाल

प्रेषक: प्रकाश
विषय: रि: काय ठरवलं ते

करारात "उघडला" म्हणजे काय ते शब्दांत लिहून घे. तात्पुरता तर केव्हाच उघडलाय, उद्या मालक तोच दाखवेल. कायमच्या इमारतीचा पत्ता घाल आणि हॉटेल व थिएटर वेगवेगळं लिही. सगळं एकाच दिवशी उघडत नाही.

सहा पोळ्या माझ्या.

प्रकाशकाका