जुन्या जिप्सीचं स्टिअरिंग आणि पुढचं सस्पेन्शन: सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती जिप्सी किंग, २००४ ची, फोर बाय फोर. सेकंड हँड घेतलेली. आधीच्या मालकाने हौसेने २३५/७५ आर १५ टायर चढवलेत आणि लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चेसिसला टांगणारी पट्टी) टाकून गाडी उचललीय. मूळ टायर २०५/७० चा.

दुखणं असं, की साठ-पासष्टच्या वेगात डावं चाक खड्ड्यात आदळलं की स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं. साधी थरथर नाही, मनगटं धरून येतात. तिशीच्या खाली आणल्याशिवाय थांबत नाही. परवा वरंधा घाट उतरून महाडकडे सपाटीला लागलो आणि हे सुरू झालं, मागे एसटी. शेजारी आई बसली होती. तेव्हापासून गाडी दारातच उभी आहे. एरवीही स्टिअरिंग दोन-अडीच इंच नुसतंच फिरतं, मग कुठे चाकं हलतात.

तीन ठिकाणी दाखवली. एक म्हणतो स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळू, प्ले (ढिलेपणा) जाईल. दुसरा म्हणतो नवा डँपर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉक) टाका. तिसरा थेट पॉवर स्टिअरिंग बसवायला निघाला. जॅक लावून खाली वाकून कोणीच बघितलं नाही, म्हणून रविवारी मीच घुसलो.

गाडी चाकांवर उभी, इंजिन बंद. पुतण्याला स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि मी एकेका जॉइंटवर हात ठेवत गेलो. टाय रॉडचा (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचा) डावा एंड बोटांखाली टकटक करतो, बूट फाटलाय, आतलं ग्रीस वाळून गेलंय. ड्रॅग रॉड (स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा दांडा) ठीक वाटला. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवलं. डाव्या बाजूला चांगलाच प्ले. पुतण्याला ब्रेक दाबून ठेवायला लावला, तरी प्ले तेवढाच. म्हणजे व्हील बेअरिंग नाही, किंगपिन (ज्या उभ्या खुंट्यांवर चाक डावी-उजवीकडे वळतं त्या). त्याच नकलच्या (किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाच्या) मागच्या सीलमधून काकवीसारखं काळं ओघळतंय. ग्रीस इतकं पातळ कसं? माझा अंदाज, अ‍ॅक्सलचं आतलं सील गेलंय आणि डिफरन्शिअलचं ऑइल नकलमध्ये उतरतंय.

पाट्यांचे रबरी बूश चिरलेत, एका शॅकलचा बोल्ट झिजून अंडाकृती झालाय. अलाइनमेंटवाल्याने टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) सेट करून दिला होता, पण कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन, त्यानेच स्टिअरिंग सरळ राहतं) जेमतेम दीड अंश दाखवतंय आणि ते अ‍ॅडजस्ट होत नाही म्हणाला. सलग अ‍ॅक्सल आहे, त्यामुळे त्याचंही खरंच. मॅन्युअलप्रमाणे साडेतीन हवं.

सगळं एकदम करायला बजेट नाही. आधी किंगपिन की आधी पाटे-बूश? कॅस्टरसाठी पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचर टाकू की शॅकलच बदलू? आणि पुण्यात नाना पेठेत जिप्सीचे चांगले टाय रॉड एंड अजून मिळतात का? डँपर टाकून दुखणं झाकायची इच्छा नाही, हे आधीच सांगतो.

प्रतिसाद (कोल्हापूरहून):

दादा, तपासणी बरोबर केलीत. किंगपिनपासून सुरू करा. आतल्या सीलसाठी नकल उघडायचंच आहे, हबही उतरणार, व्हील बेअरिंग त्याच वेळी धुऊन ग्रीस करून टाका. वरचे आणि खालचे शिम (किंगपिनखालच्या पातळ चकत्या) वेगवेगळ्या डब्यात ठेवा. बेअरिंग नवीन घातलं तर बाहेरची रिंगही नवीनच. जुने शिम नव्या बेअरिंगला जमतील असं धरू नका. मागचं सील न लावता, टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवून नकल ओढून बघा. १ ते १.८ किलोला फिरायला हवं. सैल असेल तर शिम कमी करा.

शॅकल मूळ मापाचेच टाका. जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, ते लांब केलं की अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर मरतं. पाचर टाकलीत तर जाड बाजू पुढे, पण मग पिनियन (डिफरन्शिअलचं प्रोपेलर शाफ्ट जोडलेलं तोंड) खाली जातो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. दोन अंशांच्या वर जाऊ नका. बूशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळा, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, काढताना किती फेरे निघाले ते लिहून ठेवा. बॉक्सच्या स्क्रूला अगदी शेवटी हात लावा. जास्त आवळला तर मधोमध जड होतं आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. त्याआधी बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट आणि आजूबाजूला तडा आहे का ते बघा. नाना पेठेचं पुणेकर सांगतील.

धागाकर्ता:

खूप आभार. डावी बाजू उघडली. खालच्या किंगपिन बेअरिंगच्या रिंगवर रोलरचे ठसे उमटलेत, सरळ चालताना रोलर जिथे टेकतात नेमके तिथेच. हाताने फिरवलं तर मधोमध खटकन अडकतं. आतलं सील दगड झालंय. मूळ शॅकलची जोडी ओळखीतून मिळतेय, त्यामुळे पाचरीचा विषय संपला. नवीन अडचण: अ‍ॅक्सल शाफ्टवर सील बसतं तिथे नखाला लागेल इतकी खाच पडलीय. सील दोनेक मिलिमीटर आत-बाहेर बसवून भागेल, की शाफ्टच बदलावा लागेल? कोणी केलं असेल तर सांगा, तोवर उजवी बाजू उघडतो.