बोल्हाईच्या मटणाची पाई: तळ कच्चा राहू नये म्हणून काय करावं?

रविवारचा_बेत

रविवारी सहा जणांसाठी इंग्रजी पद्धतीची मटण पाई करायची आहे. खाली-वर मैद्याचं आवरण आणि आत घट्ट रश्श्यातलं मटण. घरात २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन), ८ इंची दीड इंच खोल ॲल्युमिनियमचं भांडं आणि ५ लिटरचा कुकर आहे. रेसिप्यांमध्ये सगळीकडे लॅम्ब लिहिलेलं असतं, मग इथे बोकडाचं घ्यावं की बोल्हाईचं, म्हणजे मेंढ्याचं? कुकरला किती शिट्ट्या? आणि मुख्य म्हणजे वरचं झाकण खरपूस होतं, पण तळ पिठूळ राहतो अशी तक्रार सगळ्यांकडून ऐकते, त्यावर उपाय काय? बेकरीतून खारीचं कच्चं पीठ आणून काम भागेल का?

फरा_आणि_नळी

बोल्हाईचंच घ्या. पुण्याजवळच्या वाडे बोल्हाई गावच्या देवीला मानणारे बोकड खात नाहीत, म्हणून पुण्यात मेंढ्याच्या मटणाची वेगळी दुकानं आहेत. म्हणजे तुम्हाला हवं ते मांस पाटी लावून विकलं जातंय. बोकडाचंही चालेल, पण त्याला शिजायला जास्त वेळ लागतो आणि चरबी कमी असल्याने रस्सा जरा कोरडा वाटतो.

फरा मागा, म्हणजे पुढचा खांद्याचा भाग. रानेचं मटण दिसायला सुबक असतं, पण पाईत चोथट होतं. फऱ्यात मांसाच्या थरांमधून पातळ पडदे असतात, ते विरघळले की रश्श्याला चिकटपणा येतो. हाडासकट एक किलो घेतलंत तर साधारण ६५० ते ७०० ग्रॅम बिनहाडाचं निघेल आणि ८ इंची भांड्याला ते पुरतं. तुकडे एक इंचाचे करून मागा. हाडं टाकू नका, ती पाण्यात उकळून त्यांचाच स्टॉक करायचा. वरची पांढरी जाड चरबी मात्र काढायला सांगा, मेंढ्याचा उग्र वास बराचसा तिच्यात असतो.

आता शिजवणं. तुकडे फडक्याने कोरडे करा. हळद, आलं-लसूण काही लावायचं नाही. जाड बुडाच्या कढईत २ चमचे तेल चांगलं तापवून तुकडे दोन-तीन घाण्यांत परता. एकदम सगळे टाकलेत तर पाणी सुटतं आणि मटण भाजण्याऐवजी उकडतं. बाजू गडद तपकिरी व्हायला हव्यात, नुसता रंग पालटून भागत नाही. त्याच कढईत २ मोठे कांदे, १ गाजर, सेलरीची एक दांडी आणि ५ लसूण पाकळ्या बारीक चिरून परता. १ मोठा चमचा टोमॅटो पेस्ट घालून ती काळपट लाल होईपर्यंत हलवा. मग अर्धा कप स्टॉक ओतून बुडाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्या. चव तिथेच आहे.

हे सगळं कुकरमध्ये, वर आणखी एक कप स्टॉक, १ चमचा वूस्टर सॉस, अर्धा चमचा सुकी रोझमेरी, १ तमालपत्र, मिरपूड. मीठ हात राखून, कारण स्टॉक पुढे आटणार आहे. शिट्ट्या मोजू नका, प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून मेंढ्याला १२ ते १५ मिनिटं, बोकडाला २० ते २५. वाफ आपोआप जिरू द्या. तुकडा बोटाने दबला पाहिजे, पण मोडता कामा नये, ओव्हनमध्ये त्याला अजून पाऊण तास काढायचाय.

मैदा कुकरमध्ये घालायचा नाही, बुडाला लागून करपतो. झाकण उघडल्यावर अर्धा इंची बटाट्याचे तुकडे घालून उघड्यावर १० मिनिटं उकळा. मग २ मोठे चमचे मैदा तितक्याच लोण्यात मळून त्याच्या गोळ्या सोडा आणि ४ मिनिटं शिजवा, नाहीतर कच्च्या मैद्याची चव राहते. उलथनं बुडावरून ओढलं की पडलेली वाट दोन-तीन सेकंद तशीच दिसली पाहिजे. लगेच बुजली तर अजून आटवा. पोळीबरोबर ओरपायचा रस्सा पाईत चालत नाही.

भट्टीजवळचा

वरचं सगळं बरोबर. यापुढची पायरी घाईत गाळली जाते आणि मग तळाची तक्रार येते: सारण फ्रिजमध्ये पूर्ण गार झालं पाहिजे, शक्यतो रात्रभर. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांला वितळतं. गरम सारण ओतलंत तर मैदा शिजून घट्ट व्हायच्या आधीच त्यातलं लोणी बाहेर येतं आणि तळाचा लगदा होतो. शिवाय गार झाल्यावर वर चरबीचा पांढरा थर येतो, तो सहज उचलून काढता येतो.

खारीचं पीठ झाकणाला उत्तम, तळाला अजिबात नको. त्याचे पदर फुलायला मोकळी जागा आणि कोरडी उष्णता लागते. वर पाऊण किलो सारण बसल्यावर ते फुलणार कुठून? तळासाठी साधं भुसभुशीत पीठ करा: ३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम थंड लोणी, एक पिवळा बलक, ४ ते ६ मोठे चमचे बर्फाचं पाणी. हे प्रमाण तळ आणि झाकण दोन्हीला पुरतं. खारट लोणी असेल तर वेगळं मीठ नको. लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा, ज्वारीच्या दाण्याएवढे कण राहिले की थांबा. तळहात लावू नका, तो गरम असतो. पाणी चमच्याचमच्याने घाला आणि गोळा जेमतेम जमला की सोडून द्या. पोळीच्या कणकेसारखं तिंबलंत तर आवरण चिवट होतं आणि भाजताना आकसून कडेवरून खाली घसरतं. दोन भाग करा, एक मोठा, एक लहान. चपटे करून, झाकून फ्रिजमध्ये किमान ४५ मिनिटं.

उन्हाळ्यात लाटायचं काम सकाळी लवकर उरका. पीठ लकाकायला लागलं की लोणी सुटतंय असं समजा आणि ताटासकट १० मिनिटं फ्रिजमध्ये ढकला. जाडी ३ मिलिमीटर. तळाचा भाग भांड्याच्या कडेबाहेर एक सेंटिमीटर लोंबता ठेवा, आतून अंड्याचा पांढरा भाग ब्रशने लावा, मग गार सारण भरा. शीग लावू नका, उतू जातं. कडेला पाणी लावून झाकण दाबा, काट्याने टोचे मारा आणि मधोमध करंगळीएवढं भोक ठेवा. वाफेला वाट नसेल तर ती कडा फोडते आणि रस्सा तिथून बाहेर येतो.

तुमचं ॲल्युमिनियमचं भांडं काचेच्यापेक्षा चांगलं, लवकर तापतं. ओटीजीचे दोन्ही रॉड लावून, रिकामा ट्रे खालच्या खणात ठेवून २०० अंशांवर २० मिनिटं तापवा. पाई त्या तापलेल्या ट्रेवरच ठेवायची, तळाला पहिल्या काही मिनिटांतच चटका बसला पाहिजे. २०० वर २० मिनिटं, मग १८० वर २५ ते ३०. वरून लवकर रंग आला तर फॉइल टाका. भोकातून रस्सा खदखदताना दिसला की झालं. ओटीजीच्या बटणावर भिस्त ठेवू नका, १५-२० अंशांचा फरक सहज असतो. आत ठेवायचा थर्मामीटर घ्या.

रविवारचा_बेत

धन्यवाद दोघांनाही! आमच्याकडे एक जण अंडं खात नाही, मटण मात्र खातो (विचारू नका). बलक टाळता येईल का? आणि चमचाभर गोडा मसाला घातला तर?

भट्टीजवळचा

बलकाऐवजी एक चमचा पाणी जास्त. आतून पांढऱ्याच्या जागी वितळलेल्या लोण्याचा हात द्या आणि वर एक चमचा बारीक रवा भुरभुरवा, तो ओल शोषतो. वरून दूध लावा, रंग थोडा फिका येईल इतकंच.

फरा_आणि_नळी

गोडा मसाला नको. खोबरं-तिळाची चव रोझमेरीशी जुळत नाही. मसालाच हवा असेल तर जायफळ किसून पाव चमचा घाला.

कॅम्पातली_खिडकी

जायफळाला माझं मत नाही, मिरी दुप्पट करा. आणि ज्यांच्याकडे फक्त कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह आहे त्यांनी तळाच्या नादी लागू नये. बहुतेक मॉडेलांत खालून उष्णता नसते. सारण खोल भांड्यात भरून फक्त झाकण लावा. तेही जमत नसेल तर खिम्याची शेफर्ड्स पाई करा: ५०० ग्रॅम खिमा, वर ७०० ग्रॅम बटाट्याचा लगदा, काट्याने रेघा ओढून २०० वर २५ मिनिटं. बटाटे उकडल्यावर पाणी काढून पातेलं दोन मिनिटं मंद गॅसवर हलवा, नाहीतर लगदा खिम्यात बुडतो.

पाई बाहेर काढल्यावर १५ मिनिटं कापू नका, आणि वाढायची ताटल्या गरम करून. मेंढ्याची चरबी गार ताटलीत लगेच थिजते आणि टाळूला चिकटते. उरलेली ओटीजीत १७० वर २० मिनिटं, मायक्रोवेव्हमध्ये आवरण मऊ पडतं.