फ्रान्सच्या खेड्यांतून मोटारींविना सायकलप्रवास
प्रश्न: आम्ही पती-पत्नी मे महिन्यात फ्रान्सच्या ग्रामीण भागात आठवडाभर सायकल चालवू इच्छितो, मात्र मोटारींच्या रस्त्याची पत्नीला धास्ती वाटते. कोणता मार्ग निवडावा?

उत्तर: निःशंकपणे पूर्व फ्रान्समधील बर्गंडी प्रदेशात जा. तेथे बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर जिव्री ते क्लुनी हा सुमारे ४४ किलोमीटरचा डांबरी हरितमार्ग (मोटारींना बंदी असलेली वाट) १९९७ मध्ये खुला झाला. मूळ आखणी आगगाडीसाठी असल्याने चढ इतके सौम्य आहेत की दम न लागता गप्पा मारत, द्राक्षमळे पाहत जाता येते. क्लुनीहून पुढे दक्षिणेला गेलात तर लागणारा ब्वा-क्लेर बोगदा दीड किलोमीटरहून लांब असून आत उन्हाळ्यातही गारठा असतो, म्हणून स्वेटर हाताशी ठेवा. वटवाघळांसाठी तो हिवाळ्यात बंद ठेवतात. मे महिन्यात अडचण येऊ नये.

आणखी एक उत्तर: दक्षिण फ्रान्समधील मिदी कालव्याचा काठही रमणीय आहे. तुलूझपासून पहिले पन्नासेक किलोमीटर वाट डांबरी आहे. पुढे मात्र मातीची पायवाट लागते आणि झाडांची मुळे जागोजागी वर आलेली असतात. पावसानंतर तेथे माझे चाक घसरले होते. रुंद टायर असतील तरच पुढे जावे.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. बर्गंडीच निश्चित करतो. पत्नीने स्वेटर आत्ताच काढून ठेवला आहे.