यंत्राने अंथरलेला मल्चिंग पेपर एकाच बाजूने का सुटतो?

प्रश्न (मिरची उत्पादक, तालुका जुन्नर):
नमस्कार. यंदा प्रथमच ट्रॅक्टरच्या यंत्राने गादीवाफा (बेड), ठिबकची नळी आणि मल्चिंग पेपर (बेडवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद) ही तिन्ही कामे एकाच फेरीत भाड्याने करून घेतली. मजूर लावून आठवडाभर चालणारे काम दिवसात उरकले. परंतु लागवडीनंतर चौथ्या दिवशी वारा सुटला आणि बऱ्याच बेडांवरचा पेपर डाव्या बाजूने मातीतून निघून फडफडू लागला. रोपांसाठी पाडलेली छिद्रे सरकल्यामुळे काही रोपे पेपरखाली जाऊन करपली. पेपर चार फुटी, २५ मायक्रॉन जाडीचा आहे. दोष यंत्राचा की माझ्या रानाचा? क्षेत्र तीन एकर आहे. स्वतःचे यंत्र घेणे परवडेल का?

उत्तर (भाड्याने यंत्र चालवणारा):
दादा, एकाच बाजूने पेपर सुटत असेल तर आधी त्या बाजूचे दाबचाक आणि त्यामागचा तवा (माती लोटणारी लोखंडी चकती) तपासावा. चाकाने पेपरची कड सरीच्या तळाशी दाबून धरायची आणि तव्याने तिच्यावर माती लोटायची, असे ते काम आहे. चाक बेडच्या उतारावर चढून चालले तर वरून माती दिसते, पण कड मोकळीच राहते. बोटांनी उकरून पाहा, कड चार बोटे खोल सापडली पाहिजे. रानात ढेकळे असतील तर त्यांच्या फटींतून वारा आत शिरतो, म्हणून वाफसा (मशागतीजोगा ओलावा) आल्याशिवाय आणि रोटाव्हेटरने ढेकळे फोडल्याशिवाय मी यंत्र रानात उतरवत नाही, मग गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालेल.

उत्तर (टोमॅटो उत्पादक):
पेपर कोणत्या वेळी अंथरला, हेही महत्त्वाचे आहे. भर दुपारी तो तापून पसरलेला असतो. तेव्हा ताणून बसवला तर रात्री आकसतो आणि कड ओढली जाते. उन्हे चढण्यापूर्वी, वारा नसताना, बेडला चिकटेल इतपतच ताण ठेवावा. शिवाय छिद्रे पाडण्यापूर्वी ठिबक चालवून नळी मधोमध आहे ना, हे हाताने चाचपून पाहावे, कारण एकदा पेपरखाली नळी कापली गेली की गळती शोधण्यात दिवस जातो.
यंत्र विकत घेण्याबाबत: पाच फुटांवर बेड धरल्यास एकरी सुमारे २,६५० मीटर, म्हणजे ४०० मीटरचे जवळपास सात रोल लागतात. तीन एकरांचे हे काम यंत्राला फार तर दोन-तीन दिवसांचे आहे. वर्षाचे उरलेले दिवस ते गोठ्यात उभे राहणार. शेजारच्या चार-पाच जणांनी मिळून घेतले तरच माझ्या मते विचार करावा.

प्रश्नकर्ता:
आज सकाळी उकरून पाहिले. उजवीकडे कड चार बोटे खोल आहे, डावीकडे जेमतेम एक बोट. उद्यापासून फावड्याने डाव्या बाजूला माती चढवत आहोत.